आईला आमच्या पेठेतला फुटपाथ चढता येत नाही. रस्ता नव्याने होणार आहे, काय काय मागू?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, पश्चिम महाराष्ट्रातलं. नाव लिहीत नाही. कुणाला दोष द्यायला आलेले नाही, मदत हवी आहे.

एसटी स्टँडपासून मुलींच्या शाळेपर्यंत पेठेचा रस्ता जातो. दोन वर्षांपूर्वी त्याला दोन्ही बाजूंनी फुटपाथ झाला. पेव्हर ब्लॉक, काळ्या-पिवळ्या रंगवलेल्या कडा, सगळं. माझी आई ७१ वर्षांची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी असते. पेन्शनला बँकेत, गुरुवारी दत्ताच्या देवळात आणि आठवडी बाजाराला ती एकटी जाते. एकटीनंच जायचं हा तिचा हट्ट आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. पण त्या फुटपाथवर ती एकदाही चाललेली नाही. डांबराच्या कडेकडेने जाते. मागच्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीला वाट देताना तोल गेला, मनगट मुरगळलं. थोडक्यात निभावलं.

मी तिच्यावर चिडले. फुटपाथ असताना खालून कशाला चालतेस? ती म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. माझ्या चालीनं."

रविवारी शिवणकामाची टेप घेऊन दोघी निघालो. स्टँडसमोर फुटपाथची कड साडेनऊ इंच. आई आधी काठी वर टेकवते, मग डावा पाय, मग हात कशाला तरी धरायला शोधते. खांब असेल तर चढते, नसेल तर नाही. चढल्यावर बावीस पावलांनी दवाखान्याचं गेट आलं, तिथे फुटपाथ कापलेला. उतरा. पुन्हा चढा. पुढे विजेची डीपी, तिला वळसा घालायचा म्हणजे पुन्हा खाली. मग चपलांच्या दुकानाच्या पायऱ्या फुटपाथवर आलेल्या. मग एक चेंबर, झाकण दोन इंच वर. शाळेपर्यंत मी मोजलं: चौदा वेळा चढ-उतार. धडधाकट माणसाच्या लक्षातही येणार नाही. आईनं तिसऱ्या वेळी हात टेकले आणि आम्ही खाली उतरून चालायला लागलो, म्हणजे ती रोज करते तेच.

आता भुयारी गटारासाठी हा रस्ता उकरणार आहेत आणि नंतर फुटपाथसकट नव्याने करणार आहेत. अंदाजपत्रक अजून तयार व्हायचं आहे. एकदा ते मंजूर झालं की पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी हात लावणार नाही. म्हणून आत्ताच नेमकं काय मागायचं ते सांगा. "चांगला फुटपाथ द्या" असं निवेदन देऊन उपयोग नाही, ते मागच्या वेळीही दिलं होतं.

सर्व्हेचेन

ताई, बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते काढा. तालुक्याच्या गावांत पेठेचा रस्ता हा बहुतेक वेळा जुना राज्यमार्ग असतो. बाहेरून बाह्यवळण झालं तरी जुना तुकडा पालिकेकडे कागदोपत्री हस्तांतरित झालेला नसतो. मग पालिका म्हणते खात्याचा, खातं म्हणतं पालिकेचा. हस्तांतरणाचं पत्र हातात असल्याशिवाय निवेदनावर कुणाचं नाव घालायचं हेच कळत नाही.

आता साडेनऊ इंच का होतात ते. फुटपाथ म्हणून तिथे वेगळं काही बांधलेलं नसतं. आरसीसी गटार बांधायचं, त्यावर स्लॅब टाकायचा, स्लॅबवर पेव्हर. गटाराची पातळी आधी ठरते आणि माणसानं चालायची जागा म्हणजे त्या गटाराचं झाकण. त्यात पुढे डांबराचे दोन-तीन थर चढणार हे गृहीत धरून कड आधीच उंच ठेवतात. शिवाय दुचाकी वर चढू नये म्हणूनही. दुचाकी तरी चढतेच, तुमच्या आई तेवढ्या चढू शकत नाहीत.

इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मानक आहे, आयआरसी १०३. त्यातले चार आकडे पाठ करा:

कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नको. मोकळी रुंदी वस्तीत किमान १.८ मीटर, बाजारपेठेत २.५ मीटर. डोक्यावर २.२ मीटर मोकळं. उतरायला-चढायला उतार १ ला १२. मिस्त्रीला सांगायचं तर इंचाला फूट: सहा इंच उंची असेल तर सहा फूट लांब उतार. दीड फुटात उरकलेला उतार हा उतार नव्हे, त्यावरून चाकाची खुर्ची मागे उलटते.

"मोकळी" या शब्दाला धरून राहा. नकाशावर दोन मीटर दाखवतात आणि त्यातच खांब, झाडाचं आळं, फलक, डीपी बसवतात. हे सगळं वगळून जे उरतं ती रुंदी.

आणखी एक. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ तोडून खाली आणायची पद्धत मुळात चुकीची आहे. फुटपाथ सपाट, एका पातळीत राहायला हवा. गाडीनं कडेच्या छोट्या उतारावरून वर चढून तो ओलांडायचा. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करणाऱ्या गाडीसाठी हजार माणसांना खाली-वर करायला लावणं बरोबर नाही. तुमच्या चौदातले निम्मे चढ-उतार एवढ्यानं जातील.

पेठकर

याच प्रकारच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, चौथी पिढी. दुकानदारांच्या पायऱ्यांवर बोट ठेवलंत, ते खरं आहे. पण पायऱ्या कशा आल्या तेही ऐका.

आजोबांच्या वेळी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून दुकानात यावं लागायचं. मी शाळेत होतो तेव्हा एक उरली होती. आज रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला आहे. दर निवडणुकीच्या आधी एक थर. जुलैमध्ये पाण्याचा लोंढा आला की खालच्या रॅकमधल्या साड्या आधी उचलायच्या, मग गल्ला. शेजाऱ्यांनी नवं बांधकाम करताना घाबरून जोतं दीड फूट उचललं आणि पायऱ्या बाहेर फुटपाथवर आल्या. आम्ही रस्त्यापासून पळतोय आणि रस्ता आमच्या मागे वर येतोय, अशी परिस्थिती आहे.

दुसरं पार्किंगचं. गिऱ्हाईक गाडी दारात लावतं. फुटपाथ रुंद केला आणि गाडी लावायला जागा नाही राहिली, तर लग्नसराईत माणसं जिल्ह्याच्या गावाला जातील. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण आमचंही पोट याच रस्त्यावर आहे.

सर्व्हेचेन

पेठकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. नदीकाठचीताई, हे निवेदनात घाला: नवीन थर टाकण्याआधी जुना थर खरवडून काढायचा आणि रस्त्याची अंतिम पातळी दुकानांच्या जोत्याखाली ठेवायची. आत्ता रस्ता उकरलाच जाणार आहे, तर पातळी खाली नेण्याची ही एकच संधी. रस्ता खाली गेला की कड आपोआप सहा इंचांत बसवता येते आणि साड्याही भिजणार नाहीत. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

कालव्याकाठी

मी साताऱ्याकडची, सध्या नेदरलँड्समध्ये. इथले रस्ते पहिल्यापासून असे होते असं लोकांना वाटतं, पण १९७१ मध्ये या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. "मुलांची हत्या थांबवा" असं थेट नाव घेऊन आईबाप रस्त्यावर बसले. त्यानंतर सगळं बदलत गेलं.

माझी सूचना अशी: कडाच नको. सगळा रस्ता एका पातळीत, फरसबंदी, गाड्या आणि माणसं एकत्र, गाड्यांनी चालीच्या वेगानं जायचं. इथल्या ड्राख्टेन गावात हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्यानं चौकातले सिग्नल आणि खुणा काढून हेच केलं. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा गावातही १९९९ पासून जुनी पेठ चालणाऱ्यांना दिली आहे. चढ-उतारच नसेल तर काकूंचा प्रश्नच मिटला ना?

पांढरीकाठी

ताई, तुमची तळमळ पोचली. पण कृपया हे मागू नका. मी जन्मांध आहे, शाळेत शिकवतो, रोज दीड किलोमीटर एकटा चालत जातो. कड नसलेला रस्ता म्हणजे माझ्यासाठी काठ नसलेली विहीर.

मी कसा चालतो ते सांगतो. काठीचं टोक डावीकडे-उजवीकडे फिरतं आणि डाव्या बाजूला कडेला टेकत राहतं. ती कड माझा हात धरून नेते. गिरणीचा आवाज आला की अर्धा रस्ता झाला. पुढे बेकरीचा वास, मग सोनाराच्या दारातला एसीचा गरम झोत, मग शाळेचं वळण. कड संपली की मला कळतं, आता गाड्यांचा रस्ता आला, थांबायचं. सगळं सपाट केलंत तर मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहीन आणि मला पत्ताही लागणार नाही. गाडीवाला आणि चालणारा एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाट देतात, यावर ती कल्पना उभी आहे. मी कुणाच्या डोळ्यांत बघू? ब्रिटनमध्ये अंधांच्या संघटनांनी हेच लावून धरलं आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं अशा सपाट रस्त्यांची नवी कामं थांबवायला सांगितली.

पण काकूंना कड चढत नाही, हेही तितकंच खरं. दोघांची सोय होते. जिथे रस्ता ओलांडायचा तिथेच फक्त कड उतरवून रस्त्याच्या पातळीला आणायची, आणि नेमक्या त्याच जागी ठिपक्यांच्या फरश्या लावायच्या. काकू उताराने जातील, मला तळपायाला ठिपके लागतील आणि मी थांबेन. बाकी सगळीकडे कड राहू दे.

या फरश्यांची कल्पना जपानची, ओकायामा शहरात अंधशाळेजवळ १९६७ मध्ये त्या पहिल्यांदा बसवल्या. त्यांत दोन अक्षरं आहेत. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा. ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे मिस्त्रीला हे कुणी सांगत नाही. पिवळी फरशी दिसायला छान, म्हणून नक्षीसारखी लावतात. मी एका गावात रेघांवरून चालत गेलो आणि रेघांनी मला सरळ विजेच्या खांबावर नेऊन घातलं. कपाळाला तीन टाके पडले. चुकीची फरशी लावण्यापेक्षा नसलेली बरी.

आणखी एक गोष्ट, तुमच्याकडे खोदकाम होणार आहे म्हणून. खड्ड्याभोवती कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधतात. माझी काठी दोरीखालून जाते आणि मागोमाग मी जातो. खाली, पावलांजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी फळी लावायला सांगा. ठेकेदाराला फळीमागे फार खर्च येत नाही.

कालव्याकाठी

माझी सूचना मागे घेते. मी हे नकाशाकडे बघून लिहिलं होतं, पायांकडे बघून नाही. धन्यवाद सर.

दोनमुलींचीआई

सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. शाळेपासचं कुणी बोललं नाही.

पाच वाजता शाळा सुटते. चारशे मुली एकाच गेटातून बाहेर येतात. त्याच वेळी कारखान्याच्या ट्रॉल्या आणि वडापच्या जीपगाड्या. गेटसमोर फुटपाथ चार फूट आहे आणि त्यावर आम्हा पालकांच्याच स्कूटी उभ्या. मुली रस्त्यावर. हे आम्हीच करतो, मान्य आहे, पण दुसरी जागा दाखवा तर आम्ही तिथे लावू.

संध्याकाळी क्लासवरून मुलगी साडेसातला येते. रस्त्यावर उजेड आहे, फुटपाथवर नाही. दिव्यांचे हात रस्त्याकडे झुकलेले, फुटपाथ झाडाच्या सावलीत काळोखा. म्हणून मुली दिव्याखालून, म्हणजे गाड्यांमधून चालतात. खांबाला खालच्या बाजूला दुसरा दिवा, फुटपाथकडे तोंड करून, हे जरूर लिहा.

आणि बसायला काहीतरी. माझ्या सासूबाईंना दर दोनशे पावलांवर टेकायला लागतं. आत्ता त्या दुकानाच्या पायरीवर बसतात. पायऱ्या काढल्या तर त्यांनी कुठे बसायचं?

भाजीवाल्याचापोरगा

एक विनंती. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली आमची गाडी उचलली जाते. माझ्या वडिलांची हातगाडी तीस वर्षं एकाच पिंपळाखाली आहे. त्या ताई म्हणाल्या काळोख असतो. रात्री नऊपर्यंत त्या कोपऱ्यावर जो उजेड असतो, तो आमच्या गाडीवरच्या बल्बचा. पोरी तिथून जाताना वडील बघत असतात, कुणी मागे लागलं तर आवाज देतात.

२०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण करून जागा ठरवून देणं हे काम नगर पथविक्रेता समितीचं, आणि त्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. आमच्यासाठी पट्टा आखून द्या, आम्ही त्याच्या बाहेर एक टोपली ठेवणार नाही. पण आखायच्या आधी आम्हाला विचारा.

वकिली_नाही_माहिती

निवेदनाला कायद्याचा आधार जोडा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्याखालच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेची नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरत नाहीत, बंधनकारक किमान मानकं हवीत. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं वापरण्याजोगा, अतिक्रमणमुक्त फुटपाथ हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो दिव्यांगांना वापरता यायला हवा, हेही स्पष्ट म्हटलं आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. मानकांप्रमाणे रस्ता न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. हे धमकीसारखं लिहू नका, शेवटच्या परिच्छेदात शांतपणे नमूद करा.

केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. प्रत्येक पाच-सहा माणसांमागे एक.

पैशांचं कारण पुढे आलं तर पालिकेच्या ५ टक्के दिव्यांग निधीबद्दल विचारा. उतार आणि ठिपक्यांच्या फरश्यांसाठी तो वापरता येईल का, हे लेखी मागा.

नदीकाठची

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत, काय बोलू. सर्व्हेचेनकाकांनी फोनवर समजावलं त्याप्रमाणे काल पुन्हा मोजलं, या वेळी खरी पोलादी टेप घेऊन. पेठकरांच्या सांगण्यावरून आमच्या इथले दोन दुकानदारही टेपचं दुसरं टोक धरायला आले.

भिंतीपासून भिंतीपर्यंत १५ मीटर. आम्ही असे वाटून पाहिले: दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर फक्त चालायला, तिथे झाड, खांब, फलक काहीही नाही. त्याला लागून दोन्हीकडे पावणेदोन मीटरचा पट्टा. झाडं, खांब, डीपी, दुचाक्या, हातगाड्या, बाक, सगळं त्या पट्ट्यात. मधे साडेसहा मीटर, एक गाडी जायला आणि एक यायला. बेरीज बरोबर १५.

दुचाक्या पट्ट्यात तिरक्या बसतात, लावून बघितल्या. चारचाकी बसत नाही. हे पेठकरांना आणि सगळ्यांना आत्ताच स्पष्ट सांगते. चारचाकीसाठी जुन्या बैलबाजाराची जागा दुकानांपासून तीन मिनिटांवर आहे, ती मागितली आहे.

आणि ती पथविक्रेता समिती आमच्या गावात एकदाही बसलेली नाही. भाजीवाल्यांना मी स्वतः जाऊन भेटले, पट्टा त्यांच्याबरोबर आखणार आहोत.

पेठकर

तीन मिनिटं चालून गिऱ्हाईक येईल का, माझ्या मनात शंका आहे, ती राहणारच. पण पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिनी गाड्या बंद ठेवतात, तिथे मी एकदा मुद्दाम गेलो होतो. माणसं दुकानांच्या काचांसमोर थांबून बघत होती. आमच्याकडे काचेसमोर कुणी थांबूच शकत नाही, मागून हॉर्न वाजतो. आधी तात्पुरतं आखून बघा, एक आठवडा. चाललं तर मी स्वतः सही करीन.

सर्व्हेचेन

साडेसहा मीटरमध्ये दोन एसटी व्यवस्थित जातात, वेग कमी ठेवून. वेग कमी राहावा हाच हेतू आहे. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता केला की पाटीवर काहीही लिहा, गाडी पळतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

शाळेसमोर गावठी गतिरोधक मागू नका. एका रात्रीत डांबराची वरवंट्यासारखी वरंडी घालतात, त्यावर बाळंतीण बाईची रिक्षा आणि म्हाताऱ्याची पाठ दोन्ही आपटतात. मानकातला गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगानं गाडी अलगद जाते. शाळेपाशी त्याहून चांगलं म्हणजे झेब्राच फुटपाथच्या उंचीला उचलायचा. मुली सपाट चालत पलीकडे जातील, चढायचं-उतरायचं गाडीनं. फक्त दोन्ही टोकांना पांढरीकाठी सरांचे ठिपके विसरू नका, तिथे कड नसेल.

पांढरीकाठी

आठवणीनं लिहिलंत, आभार. आखणी होईल त्या दिवशी मला बोलवा. दोन तासांचा एसटीचा प्रवास आहे, मी येतो. काठीनं चालून सांगतो कुठे चुकतंय.

नदीकाठची

हस्तांतरणाचं पत्र सापडलं, रस्ता पालिकेचाच आहे. मुख्याधिकाऱ्यांनी चाळीस मिनिटं दिली. खरवडणं, सहा इंच कड आणि शाळेपाशी उचललेला झेब्रा या तीन गोष्टी अंदाजपत्रकात घेऊ म्हणाले. डीपी हलवायचा खर्च वीज कंपनीकडून मागवला आहे. बैलबाजाराच्या जागेबद्दल काही बोलले नाहीत, त्यासाठी पुन्हा जावं लागेल. दिव्यांग निधीचं उत्तर लेखी मागितलं आहे.

आठवडाभर तात्पुरती आखणी करायला तोंडी परवानगी मिळाली आहे. सोमवारी दुकानं बंद असतात, म्हणून परवा पहाटे साडेपाचला सुरुवात. फक्कीची चार पोती आणली आहेत, मैदानावर रेघा मारायला वापरतात तीच. भाजीवाले दोघे त्यांच्या पट्ट्याच्या रेघा स्वतः मारणार आहेत. सर आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला येतायत. आईनं त्यांच्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला आहे आणि मला बजावलंय की चालून बघायचा पहिला नंबर तिचा, सरांचा दुसरा.

जवळपास असाल तर या. दुचाक्या नदीकडच्या गल्लीत लावा.